बारा जण, बारा सॅक: ट्रेकला काय न्यायचं, काय वाटून घ्यायचं

एका ट्रेकला उतरताना अंधार पडला, तेव्हा मोजलं. माणसं अकरा, टॉर्च चार, आणि त्यातल्या एकीचे सेल संपलेले. याच अकरा सॅकमधून दुपारी जेवताना सहा चाकू, केचपच्या तीन बाटल्या आणि दोन ब्लूटूथ स्पीकर निघाले होते.

गटाने डोंगरात जाताना सामानाचा घोळ होतो तो असा. जे प्रत्येकाजवळ हवं ते ‘कोणाकडे तरी असेलच’ म्हणून राहून जातं, आणि जे सगळ्यांत मिळून एक पुरतं ते सगळेच घेऊन येतात. सॅक मात्र दोन्हीकडून जड होते. यादी सगळ्यांना पाठवलेली असते, पण ती कोणत्या क्रमाने वापरायची हे कोणी सांगत नाही. तो क्रम इथे देतो. उदाहरणाला हरिश्चंद्रगड घेऊ: डिसेंबर, शनिवार-रविवार, बारा जण, एक मुक्काम. पावसाळा आणि उन्हाळ्यात काय बदलतं ते त्या-त्या जागी येईल.

टप्पा १: आधी वाट ठरवा, मग यादी

‘हरिश्चंद्रगडाला काय काय आणू?’ या प्रश्नाला उत्तर नाही. पाचनईहून जायचं असेल तर वाट छोटी आणि सोपी. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जायचं तर चाल लांबते, खिंडीनंतर कातळाचा टप्पा लागतो, तिथे दोन्ही हात मोकळे हवेत. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने जायचं म्हटलं तर गोष्टच वेगळी. सुट्या दगडांची घळ आहे, हेल्मेट आणि जाणकार माणूस नसेल तर तिकडे वळूच नका. गड एकच, पण सामान तीन प्रकारचं.

म्हणून यादी करण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा:

१. चढायला आणि उतरायला किती तास? गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या हिशोबाने.
२. वाटेत शिडी, कातळ, रेलिंग, घसारा (सुट्या मातीचा घसरडा उतार) आहे का?
३. या महिन्यात पिण्याचं पाणी नक्की कुठे मिळतं?
४. मुक्काम कुठे: गुहा, देऊळ, घर की तंबू?
५. जेवण कोण करणार?

ही माहिती पायथ्याच्या गावातल्या माणसाला फोन करून घ्या. फोटोत भरलेलं दिसणारं टाकं सप्टेंबरातलं असू शकतं. मार्चमध्ये त्याच टाक्याच्या तळाला हिरवा गाळ असतो.

तपासा: डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तुमच्या हिशोबाने पायथा साडेपाचला येत असेल, तर तुम्ही अंधारात उतरणार आहात असं धरूनच सामान घ्या.

टप्पा २: दोन याद्या करा, एक नाही

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ज्याचं त्याचं, उजवीकडे गटाचं.

डावीकडची यादी बारा जणांसाठी बारा वेळा लागू होते. त्यात ‘आमच्या दोघांत एक’ चालत नाही, नवरा-बायकोलासुद्धा नाही:

- टॉर्च, शक्यतो डोक्याला बांधायची, आणि सेलचा जादा जोड
- स्वतःचं पाणी
- वारा-पाऊस अडवणारं एक जाकीट
- गळ्यात शिट्टी
- रोजची औषधं. दमा असेल तर इन्हेलर खिशात, सॅकच्या तळाशी नाही
- झोपायचे कोरडे कपडे, पिशवीत गाठ मारून
- एका वेळचं खाणं, जे शिजवावं लागत नाही
- ताट, मग, चमचा
- नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद

शेवटच्या ओळीवर लोक हसतात. पण फोन कुलूपबंद असतो, बंद पडलेला असतो किंवा दरीत गेलेला असतो. कागद चालतो.

उजवीकडची यादी: प्रथमोपचार पेटी, एक चाकू, काडेपेटी किंवा लायटर (दोन, दोन वेगळ्या सॅकमध्ये), दुरुस्तीची पिशवी, दोन पॉवर बँक, वाटेचा नकाशा (फोनमध्ये उतरवून घेतलेला आणि कागदावरही), मेणकापड, कचऱ्याच्या पिशव्या. प्रत्येक वस्तूपुढे माणसाचं नाव लिहा. ‘कोणीतरी’ हा माणूस गटात कधीच आलेला नसतो.

आता कोणाकडे काय द्यायचं? प्रथमोपचार पेटी लीडरकडे असते आणि लीडर असतो सगळ्यात पुढे. पाय मुरगळलेला, पोटऱ्यांत गोळे आलेला, चक्कर येणारा माणूस मात्र कायम मागे असतो. म्हणून पेटी शेवटच्या माणसाकडे द्या, आणि हा शेवटचा माणूस अनुभवी हवा. जादा टॉर्च आणि एक लिटर जादा पाणीही त्याच्याकडेच. पुढच्याकडे नकाशा पुरे.

पेटीत क्रेप बँडेज, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, कात्री, चिमटा आणि एक मोठं त्रिकोणी कापड असावं. हात गळ्यात अडकवायला त्या कापडासारखं दुसरं काही नाही. कोणाला कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते आधीच विचारा.

सावध: सर्पदंशावर पेटीत काहीही नसतं आणि नसावं. ब्लेडने कापणं, चोखणं, आवळून दोरी बांधणं यांतलं काही करू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला दवाखान्यात पोचवायचं, १०८ ला फोन लावायचा. प्रतिविष फक्त दवाखान्यातच देता येतं.

दोराबद्दल एक प्रश्न विचारतो: गटात तो बांधता येणारं कोण आहे? कोणी नसेल तर घेऊ नका. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी हा दोर नव्हे. तिला धरून कातळ उतरणारे मी पाहिले आहेत आणि त्यांचे सोललेले तळहातही.

स्वयंपाकाचं काय? हरिश्चंद्रगडावर स्थानिक मंडळी जेवण करून देतात. आदल्या आठवड्यात सांगून ठेवलं की पिठलं-भाकरी मिळते. मग स्टो, गॅसचा डबा, दोन पातेली, तांदूळ, तेल हे सगळं कशासाठी न्यायचं? ‘मजा येते’ म्हणून न्यायचं असेल तर न्या, पण ते वजन कोण वाहणार याचं उत्तर आधी द्या. जिथे गडावर वस्ती नाही तिथे शिधा लागतोच. तो घरूनच मोजून, पिशव्यांत भरून, चार जणांत वाटून न्या. कांदे-बटाटे गडावर गेल्यावर निवडायचे नसतात. शेकोटीच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

टप्पा ३: पाय

कपड्यांच्या आधी बूट, कारण बाकी सगळं उसनं मिळतं, बूट मिळत नाहीत.

पहिली चूक सगळ्यांना माहीत आहे: कोरे बूट घालून येणं. निदान पंधरा दिवस घरात, बाजारात, जिन्यावर वापरा. दुसरी चूक कमी माहीत आहे आणि जास्त महागात पडते: चार वर्षं माळ्यावर ठेवलेले ‘चांगले’ बूट काढून आणणं. वरून नवे दिसतात, पण पडून पडून, विशेषतः आपल्या दमट हवेत, तळव्याचा फोमसारखा थर आणि चिकटवण कुजलेली असते. गडाच्या मध्यावर सोल जिभेसारखा लोंबायला लागतो. माझ्या स्वतःच्या बुटांचे दोन्ही सोल एकाच दिवशी गेले होते, अर्ध्या तासाच्या अंतराने.

निघण्याच्या आठ दिवस आधी ही परीक्षा घ्या:

१. बूट दोन हातांत धरून मध्ये वाकवा. सोल आणि वरचा भाग यांत फट दिसली तर चांभाराकडे नेऊन शिवून घ्या. नुसतं चिकटवू नका.
२. तळव्याची नक्षी बघा. गुळगुळीत झाली असेल तर ते बूट आता बाजारात जायला.
३. मोजे घालून उतारावर उभे राहा. अंगठा पुढे टेकत असेल तर उतरताना नख काळं पडणार.
४. पायाची नखं दोन दिवस आधी कापा. आदल्या रात्री खोलवर कापलेलं नख ट्रेकलाच दुखतं.

मोज्यांचे जोड तीन: एक पायात, एक जादा, एक फक्त झोपताना. टाचेला चुरचुर जाणवली की लगेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी उशिराची.

दुरुस्तीची पिशवी म्हणजे दोन मीटर मजबूत सुतळी, रुंद चिकट टेप (पेनाभोवती गुंडाळून न्या, पूर्ण रीळ नको), सुई-दाभण, दोन सेफ्टी पिना, बुटाची एक नाडी. सोल निघाला तर सुतळी बुटाच्या पुढच्या भागाला आडवी तीन-चार वेळा घेऊन वर गाठ मारा. गाठ तळव्याखाली आली की घसरणार.

टप्पा ४: कपडे, ऋतूप्रमाणे

एक नियम तिन्ही ऋतूंना सारखा: पूर्ण बाही, पूर्ण पँट. कारवीच्या झुडपांतून वाट काढताना, कातळावर गुडघा टेकताना आणि उन्हात माचीवर चालताना याचं कारण आपोआप कळतं. जीन्स कधीच नाही. भिजली की जड होते, वाळत नाही आणि उंच पायरीला गुडघा वाकू देत नाही.

हिवाळ्यात तीन थर. अंगालगत लवकर वाळणारा टी-शर्ट, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ जाकीट. एकच जाडजूड जाकीट आणणाऱ्याची पंचाईत होते: घातलं तर घामाने आतून ओलं, काढलं तर गारठा. निघताना जराशी थंडी वाजत असेल तर तुम्ही बरोबर कपडे घातले आहेत. दहा मिनिटांच्या चढानंतर पटेल. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हरिश्चंद्रगडाची उंची चौदाशे मीटरच्या घरात आहे, म्हणजे नुसत्या उंचीनेच समुद्रसपाटीपेक्षा नऊएक अंशांचा फरक पडतो. पण गडाच्या कोकणकड्यावरचा वारा हेही गणित मोडतो, गारठा त्याहून जास्त वाटतो. कानटोपी घ्या. आईने दिलेली माकडटोपी असेल तर लाजू नका. रात्री दोनला सगळे तीच मागतात.

खाली अंथरायला कॅरीमॅट हवीच. गुहेची किंवा देवळाची फरशी अंगातली ऊब ओढून घेते. स्लीपिंग बॅग महागडी आणि खाली मॅट नाही, यापेक्षा मॅटवर दोन घोंगड्या बऱ्या.

पावसाळ्यात सुती कपडे घरी ठेवा. भिजायचं आहे हे गृहीत धरा. जाकीट घातलं तरी घामाने भिजताच. इथे तीन जोड लागतात. एक अंगावर, दिवसभर ओला राहणारा. एक झोपायचा, पिशवीत बंद. एक घरी परतायचा, गाडीत ठेवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडगार ओले कपडे पुन्हा चढवायला जिवावर येतं, तरी चढवा. ‘आजच्या दिवस कोरडे घालू’ म्हणणाऱ्याकडे दुपारी दोन ओले जोड असतात आणि कोरडा एकही नसतो.

छत्री पायथ्याच्या गावापर्यंत ठीक. धारेवर वारा तिला उलटी करतो, आणि एक हात तिच्यात अडकलेला असतो. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, सपाटीवर झकास, पण शिडीवर पायाखाली येतो. कमरेपर्यंतचं जाकीट सगळ्यांत बरं.

उन्हाळ्यात मात्र सुती कपड्यांवरची बंदी उठते. फिकट रंगाचा सैल सुती सदरा मे महिन्यात अंग गार ठेवतो. कान आणि मान झाकणारी टोपी, नाहीतर साधा पंचा. ओला करून डोक्याला गुंडाळला की त्याला तोड नाही.

सावध: अत्तर, डिओ, सुवासिक तेल लावून येऊ नका. कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात, आणि उग्र वास आणि धूर त्यांना चालत नाही. एकाच्या डिओने सगळा गट पळतो.

टप्पा ५: पाणी आणि खाऊ

हिवाळ्यात माणशी दोन ते तीन लिटर, मार्चपासून पुढे चार. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वाटेतलं खात्रीचं पाणी माहीत असेल तर ओझं वाचतं. पाच लिटरचा एकच कॅन नेण्यापेक्षा एक-एक लिटरच्या बाटल्या बऱ्या. एक फुटली तरी बाकीच्या राहतात. टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळा, मग क्लोरीनच्या गोळ्या टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. वेळ न थांबता पिणारे बरेच असतात.

खाऊ असा की चालता चालता खिशातून काढता येईल: चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे, दशम्या. काकडी उन्हाळ्यात सोन्याची. वेफर्सची पाकिटं जागा खातात, तहान वाढवतात, आणि त्यांचा कचरा शेवटी दुसराच कोणीतरी खाली आणतो.

टप्पा ६: सॅक भरणं

ही पायरी लोक रात्री अकराला, टीव्ही बघत उरकतात. शुक्रवारी संध्याकाळीच बसा.

१. सगळं सामान जमिनीवर मांडा आणि यादीशी ताडून बघा. मग त्यातल्या तीन वस्तू परत कपाटात ठेवा. कोणत्या ते तुम्हाला माहीत असतं.

२. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिक पिशवी घाला, खताची धुतलेली पिशवीही चालेल. सामान तिच्यात भरून वरून पीळ द्यायचा. वरच्या रेनकव्हरच्या भरवशावर राहू नका. पाठीकडून पाणी शिरतंच, आणि जोराच्या वाऱ्यात कव्हर उडूनही जातं.

३. तळाशी हलकं आणि रात्रीच लागणारं: झोपायचे कपडे, पांघरूण.

४. मधे, पाठीला लागून, सगळ्यात जड: पाणी, शिधा. जड वस्तू बाहेरच्या बाजूला ठेवली की सॅक मागे ओढते आणि चढावर तोल जातो.

५. वर: जाकीट, टॉर्च, दुपारचं खाणं. म्हणजे जे घाईत, पावसात, अंधारात लागणार ते.

६. बाहेर काही लटकवायचं नाही. मग, चपला, ओला टॉवेल, आणि मुख्य म्हणजे आडवी बांधलेली कॅरीमॅट. कळसूबाईच्या किंवा रतनगडाच्या शिडीवर आडवी मॅट कठड्यात अडकते आणि मागचे सगळे खोळंबतात. मॅट उभी बांधा किंवा आत घाला.

टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवा. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन ती दिवसभर जळत राहते आणि संध्याकाळी मान टाकते, हा प्रकार नेहमीचा आहे.

तपासा: सॅक पाठीवर घेऊन इमारतीचे चार मजले चढा आणि उतरा. पट्टा कुठे काचतो, काय खडखडतं, कुठे टोचतं ते तिथेच कळेल. मुक्कामाच्या ट्रेकला ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिस्स्यापलीकडे जाऊ देऊ नका. नवशिक्यांनी त्याहून बरंच कमी ठेवा. हातात वेगळी पिशवी असेल तर सॅक नीट भरलेली नाही. हात रिकामेच हवेत.

टप्पा ७: पायथ्याशी दहा मिनिटं

गाडीतून उतरल्यावर सगळ्यांना फोटोची घाई असते. आधी हे उरका. लीडरने एकेक वस्तूचं नाव घ्यायचं आणि प्रत्येकाने ती काढून दाखवायची. ‘आहे’ हे उत्तर चालत नाही. टॉर्च पेटवून दाखवा. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या दाखवा. शिट्टी वाजवून दाखवा.

ज्याच्याकडे टॉर्च किंवा पुरेसं पाणी नाही, त्याची सोय गावातल्या दुकानात होते का बघा. नसेल होत तर त्याला चप्पल घालून आलेल्या मित्राबरोबर खालीच ठेवा. हे बोलायला जड जातं. मीही पहिली काही वर्षं गप्प बसायचो, आणि मग रात्री एकाच टॉर्चच्या उजेडात तिघांना उतरवत बसायचो.

गटाचं सामान कोणाकडे आहे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा सांगा. पेटी कोणाच्या सॅकमध्ये आहे हे फक्त त्या एकालाच माहीत असेल आणि घसरून पडलेला तोच असेल, तर शोधत बसावं लागतं. गावातल्या एका घरी किती जण, कोणत्या वाटेने चाललो आणि कधी परतणार ते सांगून ठेवा.

टप्पा ८: चालताना

सामान बरोबर असून वेळेवर बाहेर न काढणं, ही चूक अनुभवी लोकही करतात. पाऊस अंगावर आल्यावर नव्हे, समोरच्या डोंगरावर दिसल्यावर जाकीट घाला. थांबलात की लगेच स्वेटर चढवा, पुन्हा निघताना काढा. कंटाळवाणं आहे, पण घामेजल्या पाठीवर वारा बसला की हुडहुडी भरलीच. सूर्य टेकला की टॉर्च खिशात घ्या, उजेड असतानाच उलटा सेल सरळ करा.

कातळ किंवा शिडी आली की पोल (चालताना टेकायची काठी) घडी करून सॅकला बांधा, गळ्यातला कॅमेरा आत टाका, फोन खिशाच्या चेनमध्ये. फोन एरवीही फ्लाइट मोडवर ठेवा; रेंज शोधण्यातच त्याची बॅटरी संपते. गटातले दोन फोन मात्र मुद्दाम बंद करून राखीव ठेवा.

शिट्टीची खूण आधी ठरवून घ्या. अडचणीत असाल तर एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा. ऐकणाऱ्याचं उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्या. धुक्यात हाका मारून घसा बसतो, आणि दरीत आवाज कुठून येतो तेही कळत नाही. मजेत शिट्ट्या मारणाऱ्याची शिट्टी काढून घ्या.

टप्पा ९: घरी आल्यावर, झोपण्याआधी

सॅक तशीच कोपऱ्यात टाकली की तिच्यात बुरशी धरते आणि उरलेली दशमी पुढच्या महिन्यात सापडते. त्याच रात्री सगळं उलटं करून ओता. बुटांतून नाड्या आणि आतले तळवे काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सावलीत ठेवा; हीटरपाशी किंवा कडक उन्हात ठेवले की चिकटवण सुटते. टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवा. पेटीतून काय काय वापरलं ते लिहून पेटीच्या झाकणाला चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी ती ज्याच्याकडे जाईल त्याला भरून घेता येईल.

आणि जमिनीवर पसरलेल्या सामानातून एकदाही हात न लागलेल्या वस्तू बाजूला काढा. पेटी, शिट्टी, जादा सेल, पाऊस न पडल्याने न उघडलेलं जाकीट यांना यातून सूट. बाकीचं पुढच्या यादीतून खोडायला घ्या. आमच्या यादीतून पहिला खोडला गेला तो ब्लूटूथ स्पीकर. ज्याचा होता तो अजून रुसलेला आहे, पण येतो.